साइटवरचा लॅपटॉप केबलच्या टोकाकडून निवडा

प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, चार वर्षं एका पॅनल बिल्डरकडे नोकरी झाली, आता पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) यांच्या सर्व्हिसिंगचं स्वतःचं काम सुरू करायचंय. पट्टा सांगली, कोल्हापूर, सातारा. गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने, फाउंड्री, एखाददुसरा दूध संघ. बजेट सत्तर हजार. दुकानदार गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारतोय, मित्र म्हणतो टफबुकशिवाय, म्हणजे दणकट रग्ड लॅपटॉपशिवाय, साइटवर टिकत नाही. काय घ्यावं?

मी २००१ पासून याच पट्ट्यात हेच काम करतोय. आजवर सात लॅपटॉप वापरून झाले, त्यातले तीन चुकीचे घेतले होते. त्या तिन्ही वेळी मी दुकानात प्रोसेसर आणि स्क्रीन बघून ठरवलं होतं. तुम्ही उलट्या बाजूनं सुरुवात करा. दुकानात जाण्याआधी वही घ्या आणि पहिल्या वर्षात ज्या ज्या पॅनलपुढे बसण्याची शक्यता आहे, त्या प्रत्येकाचं लिहून काढा: कुठल्या मेकचा पीएलसी, त्याला कुठलं पोर्ट, कुठली केबल, कुठलं सॉफ्टवेअर, आणि ते सॉफ्टवेअर कुठल्या विंडोजवर चालतं. ही यादी झाली की निम्मं उत्तर तुमच्या हातात आलं.

तुमच्या पट्ट्यातली यादी साधारण अशी होईल. मिल हाऊसला, म्हणजे ऊस गाळतात तिथे, सीमेन्सचा एस७-३०० किंवा ४०० पीएलसी, म्हणजे जोडणी एमपीआय नाहीतर प्रोफिबस. कुठे कोपऱ्यात अजून एस७-२०० असतो, त्याला पीपीआय केबल. त्याचं मायक्रोविन सॉफ्टवेअर अधिकृतपणे विंडोज ७ च्या पुढे आलंच नाही. फाउंड्रीच्या सँड प्लांटवर मित्सुबिशीचा एफएक्स, त्याला आठ पिनचं गोल पोर्ट, आतून आरएस-४२२ सिरिअल जोडणी. डेल्टा तर जागोजागी. जुन्या मशीनवर पुण्याच्या मेसुंगचा पीएलसीही भेटेल. एनर्जी मीटर, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह हे सगळे आरएस-४८५ या तारांच्या जोडणीवर मॉडबस ही भाषा बोलतात. हा प्रोटोकॉल मोडिकॉननं १९७९ मध्ये आणला आणि आजही तो उठल्याबसल्या लागतो. गेल्या दहाएक वर्षांतल्या नव्या कामांत मात्र एस७-१२००, नुसती इथरनेट केबल. म्हणजे एकाच कारखान्यात, शंभर पावलांच्या अंतरात, तुम्हाला तीस वर्षांच्या मशिनरीशी बोलायचंय. लॅपटॉपचं खरं काम हे आहे. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड यातल्या एकाही पोर्टशी बोलत नाही.

म्हणून पहिली अट: लॅपटॉपच्या अंगावर पूर्ण आकाराचं इथरनेट पोर्ट हवं. हल्लीच्या पातळ मॉडेलमध्ये ते नसतं आणि विक्रेता म्हणतो, यूएसबीचं डोंगल लावा. डोंगल घरी चालतं. साइटवर ते पॅनलच्या दारात लोंबकळतं, कुणाचा तरी पाय अडकतो, आणि पीएलसीशी ऑनलाइन असताना लिंक तुटते. डोंगल बॅगेत जरूर ठेवा, कारण कधी कधी दोन इथरनेट लागतात, एक पीएलसीला आणि एक स्काडाच्या, म्हणजे प्लांटवर नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या, नेटवर्कला. पण मुख्य पोर्ट अंगचंच हवं. सोबत जुन्या पद्धतीची चौकोनी यूएसबी पोर्टं निदान दोन: एकात केबल, एकात लायसन्सचं डोंगल.

जुनं नऊ पिनचं सिरिअल पोर्ट आता नव्या साध्या लॅपटॉपमध्ये मिळत नाही, तेव्हा यूएसबी ते सिरिअल कन्व्हर्टर आलाच. इथे दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका. एफटीडीआय कंपनीच्या अस्सल चिपचा कन्व्हर्टर खात्रीच्या दुकानातून घ्या. बाजारात नकली चिपांचा सुळसुळाट आहे. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिपना आणि त्यांच्या नकलांना कंपनीचा नवा ड्रायव्हर स्वीकारत नाही. काल चालणारी केबल विंडोज अपडेटनंतर आज डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दाखवते, आणि आपण मात्र पॅनलचं वायरिंग उलगडत बसतो. अस्सल केबल घेतल्यावरही दोन सेटिंग लक्षात ठेवा. विंडोज प्रत्येक सिरिअल पोर्टला कॉम नंबर देतं, आणि जुनी सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ याच्या पलीकडचे नंबर ओळखत नाहीत, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर खाली आणायचा. तिथेच एफटीडीआयचा लेटन्सी टायमर, म्हणजे आलेला डेटा पुढे द्यायला चिप किती थांबते ते सेटिंग, असतो. तो मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, तो १ करा. मध्येच टाइमआउट देणारे कित्येक जुने ड्राइव्ह एवढ्यानंच सुरळीत बोलायला लागतात.

आता आरएस-४८५ चं बोलतो, आणि इथे जरा थांबतो, कारण हा धडा मला महागात पडलाय.

२०११ चा गळीत हंगाम. एका कारखान्यातून रात्री फोन आला, केन कॅरिअरचा (ऊस मिलमध्ये नेणाऱ्या पट्ट्याचा) ड्राइव्ह ट्रिप होतोय. पोचेपर्यंत दीड वाजला. यार्डात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गेटच्या बाहेरपर्यंत लागलेले. ड्राइव्हचे पॅरामीटर वाचायला लॅपटॉप उघडला. बॅटरी कमी होती म्हणून तीन पिनचा चार्जर कंट्रोल रूमच्या भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि साध्या कन्व्हर्टरची तार ड्राइव्हच्या कम्युनिकेशन टर्मिनलला धरली. चट् असा बारीक आवाज आला. करपल्याचा वास यायच्या आधीच मला कळलं होतं. लॅपटॉपचं यूएसबी पोर्ट गेलं आणि ड्राइव्हचं कम्युनिकेशन कार्डही गेलं. त्या रात्री गाळप दोन तास अडलं. थंडीत बैलांशेजारी शेकोटी करून बसलेली गाडीवान मंडळी मला अजून दिसतात.

झालं होतं काय? कंट्रोल रूमचं अर्थिंग आणि मिलच्या पॅनलचं अर्थिंग यांच्यात काही व्होल्टचा फरक होता. मोठे ड्राइव्ह चालू असताना तो असतोच. चार्जरच्या तिसऱ्या पिनमधून माझा लॅपटॉप एका अर्थला बांधलेला, आणि तारेतून मी त्याला दुसऱ्या अर्थला जोडलं. त्या दोघांमधला करंट माझ्या केबलमधून गेला. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. अनोळखी पॅनलला पहिल्यांदा जोडताना लॅपटॉप फक्त बॅटरीवर, चार्जर काढून. आणि आरएस-४८५ साठी आयसोलेटेड कन्व्हर्टरच, ज्यात यूएसबीची बाजू आणि फील्डची बाजू यांचा विजेचा थेट संबंध नसतो. दोन-चार हजारांत चांगला मिळतो. लॅपटॉपचं बजेट तेवढ्यानं कमी झालं तरी चालेल, पण हा पहिल्या दिवशीच घ्या.

यावरून बॅटरीचं महत्त्व कळेल. हंगामात साखर कारखाना स्वतःच्या टर्बाइनवर चालतो. टर्बाइन ट्रिप झाली की सगळीकडे अंधार, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला पीएलसीत काय अलार्म आलाय ते बघायचं असतं. कागदावर दहा तास लिहिलेली बॅटरी कामात चार-पाच तास देते, तेवढी पुरते. गेमिंग लॅपटॉप दोन तासांत मान टाकतो, आणि त्याचा चार्जर विटेएवढा. यूएसबी-सी वर ६५ वॅटनं चार्ज होणारा लॅपटॉप घेतलात तर चार्जर हरवला तरी कारखान्यात कुणाकडे तरी तसाच सापडतो. गाडीत चालेल असा चार्जरही मिळतो.

प्रोसेसरबद्दल फक्त एवढंच: इंटेल किंवा एएमडीचा घ्या. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगनवर चालणारे नवे लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, पण आपल्या कामाला नकोत. त्यांची जात वेगळी, एआरएम. आपल्या केबलींचे जुने ड्रायव्हर त्यांच्यावर चढत नाहीत, आणि मी पुढे सांगतोय ती जुन्या विंडोजची युक्तीही त्यांच्यावर जमत नाही. ॲपलचे नवे मॅकही याच कारणासाठी बाद.

ती युक्ती म्हणजे व्हर्च्युअल मशीन. लॅपटॉपच्या आत आणखी एक विंडोज, फाइलच्या रूपात. एकात विंडोज ७ आणि मायक्रोविन, एकात एस७-३००/४०० चं स्टेप ७ क्लासिक, एकात मित्सुबिशीचं जीएक्स वर्क्स, आणि सीमेन्सचं नवं सॉफ्टवेअर टीआयए पोर्टल, त्याच्या एकेका व्हर्जनसाठी एकेक. हा थाट का, तर टीआयएचा प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये एकदा अपग्रेड केला की जुन्यात परत उघडत नाही. गिऱ्हाइकाकडे व्ही१५.१ असेल आणि तुम्ही त्याचा प्रोजेक्ट व्ही१८ मध्ये सेव्ह करून दिलात, तर त्याच्या इंजिनिअरला स्वतःच्याच प्लांटचा प्रोग्राम उघडता येत नाही. असं कुणाचं करू नये. शिवाय एका विंडोजवर चार कंपन्यांची सॉफ्टवेअर कोंबली की ती एकमेकांच्या ड्रायव्हरवर पाय देतात. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ च्या नोव्हेंबरपासून धंद्याच्या वापरासाठीही फुकट आहे, तेव्हा पैशाची सबब उरली नाही.

यात नवखा माणूस दोन ठिकाणी अडतो. व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क 'नॅट'वर ठेवलं तर पीएलसी शोधूनही दिसत नाही. 'ब्रिज्ड' करायचं, आणि तो ब्रिज आपोआपवर न सोडता इथरनेट पोर्टलाच बांधायचा, नाहीतर तो वायफायला जाऊन चिकटतो. दुसरं, विंडोज एक्सपीच्या मशीनला यूएसबी ३ कळत नाही. सेटिंगमध्ये यूएसबी २ निवडलं की केबल दिसायला लागते.

या सगळ्यासाठी रॅम १६ जीबी किमान, ३२ असेल तर काम निवांत. म्हणून घेताना रॅम बदलता येते का ते विचारा. बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते, मग आयुष्यभर आहे तेवढ्यावर भागवावं लागतं. एकेक व्हर्च्युअल मशीन पन्नास-साठ जीबी खातं, तेव्हा एसएसडी १ टीबी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क कुणी फुकट दिली तरी नको. मिलच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलात की पायाखाली जी थरथर जाणवते, तीच तिला मारते. स्क्रीन चौदा इंची, साधी फुल एचडी. फोर-के स्क्रीनवर जुन्या सॉफ्टवेअरच्या खिडक्या मुंगीएवढ्या होतात. तेजस्वीपणा मात्र बघून घ्या. २५० निटची (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन उघड्यावर, पाण्याच्या टाकीपाशी किंवा यार्डातल्या वजनकाट्यापाशी, आरशासारखी होते. ४०० च्या आसपास असेल तर सावलीत तरी वाचता येतं.

आता टफबुक. पॅनासॉनिकचं टफबुक, गेटॅक, डेलची रग्ड मालिका ही खरोखर चांगली यंत्रं आहेत. पावसात उघड्यावर, खाणीत, पोलीस किंवा सैन्याच्या गाडीत काम असेल तर त्यांना पर्याय नाही. पण नवं घ्यायचं तर तुमच्या बजेटच्या कित्येक पट पैसे, आणि वजनही बरंच. आपलं नव्वद टक्के काम कंट्रोल रूममध्ये किंवा पॅनलपुढे चालतं. लॅपटॉपच्या खोक्यावर 'एमआयएल-एसटीडी-८१०' छापलेलं दिसेल. ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धत आहे, पण त्यातल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनी स्वतः ठरवते. तेवढ्या शिक्क्यावर तो धुळीत आणि पाण्यात टिकेल असं समजू नका. त्यासाठी आयपी रेटिंग बघायचं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा.

एका जागेबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. कारखान्याला जोडून डिस्टिलरी असते, तिथे इथेनॉल बनतं. त्या भागात अल्कोहोलची वाफ असू शकते. साधा लॅपटॉप, साधा मोबाइल, तुमचा आयसोलेटेड कन्व्हर्टर, यातलं काहीही तिथे परवानगीशिवाय उघडायचं नाही. रग्ड म्हणजे स्फोटरोधक नव्हे. तो वेगळा प्रमाणित वर्ग आहे. आधी सेफ्टी ऑफिसरकडून परमिट, गॅसची तपासणी, मग काम. जमत असेल तर केबल लांब घेऊन सुरक्षित भागातल्या पॅनलमधून जोडा. शिफ्ट इनचार्ज घाई करत असला तरी नाही म्हणा.

फाउंड्रीचा त्रास वेगळा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत तासभर काम केलं की लॅपटॉपवर काळी पूड बसते. बोटावर घेऊन उजेडात धरा, बारीक चमकते. त्यात लोखंड आणि ग्रॅफाइट असतं, म्हणजे ती वीज वाहून नेते. पंखा हीच पूड आत ओढतो. मी लॅपटॉप कधी पॅनलच्या तळाशी किंवा जमिनीवर ठेवत नाही. पालथा क्रेट घेतो, त्यावर कापड, त्यावर लॅपटॉप. काम झालं की लगेच चेन असलेल्या बॅगेत. वर्षातून दोनदा मागचं झाकण उघडून मऊ ब्रशनं पंखा साफ करतो. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी आणि तेल असतं. ज्या लॅपटॉपचं मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं, तो आपला.

या सगळ्यावरून माझं उत्तर: नवा गेमिंग नको, टफबुकही नको. कंपन्या आपल्या लोकांना देतात त्या बिझनेस मालिकेतला लॅपटॉप घ्या. लेनोवोच्या थिंकपॅडमधली टी किंवा एल मालिका, डेलची लॅटिट्यूड ५००० मालिका, एचपीची एलिटबुक किंवा प्रोबुक. बिजागरी दणकट, कीबोर्डवर चहा सांडला तरी बऱ्याचदा निभावतं, आणि सुटे भाग पुण्यात आणि मुंबईत सहज मिळतात. नवा परवडत नसेल तर खात्रीच्या विक्रेत्याकडून तीन-चार वर्षं वापरलेला. फक्त इंटेलच्या आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचाच घ्या, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याहून जुन्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. माझा सध्याचा लॅटिट्यूड ५४२० असाच घेतलेला आहे. रॅमच्या दोन खाचा, अंगचं इथरनेट, तक्रार नाही.

जुना घेताना बायोसला पासवर्ड नाही ना आणि तो कुठल्या कंपनीच्या नावावर लॉक नाही ना, हे विक्रेत्यासमोरच तपासा. कमांड प्रॉम्प्टवर बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता यात मोठा फरक दिसला तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करा. आणि सत्तर हजार एकाच यंत्रात घालू नका. साधारण चाळीस-पंचेचाळीस मुख्य लॅपटॉपला, दहा-बारा केबली आणि कन्व्हर्टरना, उरलेल्यात एक जुना दुसरा लॅपटॉप आणि एक बाहेरचा एसएसडी. व्हर्च्युअल मशीन ही फाइलच असते, तिची प्रत त्या एसएसडीवर ठेवली की मुख्य लॅपटॉप पडला तरी दुसऱ्यावर अर्ध्या तासात काम सुरू होतं. लायसन्सची चावी फॉरमॅट करताना उडते, तेव्हा ती आधी काढून ठेवायची सवय लावा. जीएसटी नंबर काढला असेल तर बिल त्याच नावावर घ्या, लॅपटॉपवरचा १८ टक्के कर परत धरता येतो.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस यूएसबी स्टिकवरून पसरत सीमेन्सच्या स्टेप ७ असलेल्या संगणकांपर्यंत आणि तिथून पीएलसीपर्यंत पोचला होता. कारखान्यात शिरायचा रस्ता म्हणजे आपल्यासारख्याचा लॅपटॉप. गिऱ्हाईक त्याचा अख्खा प्लांट आपल्या भरवशावर उघडून देतं.

घेतल्यावर पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर पीएलसीत प्रोग्राम टाकणं चालू असताना विंडोज वीज वाचवायला केबलच झोपवतं. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये असं ठेवा, कारण पॅनलपासून मोटरपर्यंत जाताना ते मिटावं लागतं. पण मग बॅगेत ठेवण्याआधी आठवणीनं शटडाउन करा, नाहीतर आतल्या आत भाजून निघतो. हंगामात अपडेट थांबवून ठेवा. आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर छापून पाकिटात ठेवा. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन बऱ्याचदा न विचारता चालू होतं. बायोस बदलला किंवा बोर्ड रिसेट झाला की स्क्रीन निळी होऊन तो आकडा मागते, आणि तो आकडा इंटरनेटवरच्या खात्यात असतो. मिल हाऊसच्या तळघरात मोबाइलला रेंज नसते. लॅपटॉपचा सिरिअल नंबरही मोठ्या अक्षरात लेबलवर लिहून पाठीला चिकटवा. गेटवर रजिस्टरमध्ये तो लिहावा लागतो आणि बाहेर पडताना जुळवून बघतात. कारखान्यानुसार पद्धत बदलते. वाहनउद्योगातल्या काही प्लांटमध्ये तर कॅमेऱ्यावर आणि यूएसबीवर स्टिकर लावून मगच आत सोडतात, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

दुकानात जाताना तुमचा स्वतःचा सिरिअल कन्व्हर्टर आणि एक यू-पिन खिशात ठेवा. कन्व्हर्टर त्या लॅपटॉपला लावा, नऊ पिनच्या कनेक्टरमधल्या २ आणि ३ नंबरच्या पिना यू-पिननं एकमेकींना टेकवा, एखादा सिरिअल टर्मिनल प्रोग्राम उघडा आणि काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर परत आलं, यू-पिन काढल्यावर यायचं थांबलं, तर पोर्ट आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. मग केबल किंचित हलवून पुन्हा तेच करा, कारण जुन्या लॅपटॉपची यूएसबी खाच सैल झालेली असते. लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी पोर्टवर हे करा, दुकानदार कंटाळला तरी.